परत पाठवलं तेव्हा हायसं वाटलं

ताई,
वय ४४. दोन वर्षांपासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. घरात कुणाची किडनी जुळत नाही, म्हणून यादीत नाव आहे, त्यालाही वर्ष उलटलं. दीड महिन्यापूर्वी रात्री साडेअकराला हॉस्पिटलातून फोन आला, लगेच या. गेलो. रक्त घेतलं, छातीचा एक्स-रे काढला, पोटावरचे केस काढले, आणि पहाटे पाचला सांगितलं, जमत नाहीये, घरी जा. येताना बायको गाडीत रडली. मी नाही रडलो. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. हे मी कुणालाही बोललेलो नाही. तेव्हापासून रात्री फोन वाजला की छातीत धस्स होतं.
आता बायकोने कुठूनतरी एक ‘ट्रान्सप्लांट कोच’ शोधून काढलाय. तीन महिन्यांचा कार्यक्रम, दर आठवड्याला एक बैठक. माझं म्हणणं, डॉक्टर आहेत, कोऑर्डिनेटर आहे, डाएटिशियन आहे, त्यात आणखी एक माणूस कशाला? मी काही खचलेलो नाही. तुम्ही स्वतः यातून गेलात म्हणून विचारतो, हे लोक करतात तरी काय? आणि मला हायसं वाटलं, म्हणजे मला मनातून किडनी नकोच आहे का?
एक वाचक

दुसरा प्रश्न तुम्ही निघताना दारात चप्पल घालता घालता विचारावा तसा विचारलाय. पत्र लिहिणारी बहुतेक माणसं असंच करतात, खरं दुखणं शेवटच्या ओळीत टाकतात. म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

नाही, तसा अर्थ होत नाही.

त्या साडेपाच तासांत तुमच्याकडून काय काय मागितलं जात होतं ते बघा. अर्ध्या झोपेतून उठायचं, दिसेल त्या कागदावर सही करायची, पोट उघडू द्यायचं, त्याच दिवशी गेलेल्या एका अनोळखी माणसाचा अवयव आपल्या आत घ्यायचा, आणि हे सगळं नशीब उघडल्यासारखा चेहरा करून. यातल्या एकाही गोष्टीची तुम्ही आधी सवय केलेली नव्हती. डायलिसिसची मात्र आहे. मशीन कितीही नकोसं असलं तरी ओळखीचं आहे, कुठल्या खुर्चीला पंख्याचा वारा लागतो हेसुद्धा एव्हाना तुम्हाला ठाऊक असेल. ओळखीच्या त्रासाकडे परत जायला मिळालं की माणूस हुश्श करतो. परीक्षा पुढे ढकलली म्हणून हुश्श करणारा मुलगा काही शाळा सोडून जात नाही.

यात तुम्ही पहिले नाही. ज्याला पहिल्यांदा किडनी बसली तो माणूसही अडखळला होता. किडनीचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनला झालं. रिचर्ड हेरिकला त्याच्या जुळ्या भावाची, रोनाल्डची किडनी बसवायची होती. दोघं तेवीस वर्षांचे. एकसारखे जुळे, म्हणून शरीर ती किडनी नाकारणार नाही हा जोसेफ मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हिशोब. मरे यांना पुढे १९९० साली याच कामासाठी नोबेल मिळालं. तर ऑपरेशनच्या आदल्या रात्री, दोघंही हॉस्पिटलात असताना, रिचर्डने भावाला चिठ्ठी पाठवली की तू इथून निघ आणि घरी जा. मरायला टेकलेला माणूस, आणि तो देणाऱ्यालाच परत पाठवतोय! रोनाल्डने उलट चिठ्ठी धाडली, मी आलोय आणि मी इथेच राहणार आहे. रिचर्ड त्यानंतर आठ वर्षं जगला. रोनाल्ड गेला २०१० साली, एकोणऐंशी वर्षांचा होऊन. रिचर्डला किडनी नको होती असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

मलाही परत पाठवलं होतं. त्या दिवशी मी चिडले, रडले, सगळं रीतसर केलं. पण दुसऱ्यांदा फोन आला तेव्हा मी कोऑर्डिनेटरला म्हटलं, ‘पाच मिनिटांनी करते तुम्हाला,’ आणि न्हाणीघरात जाऊन कडी लावून बसले. नळ सोडून ठेवला, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. नवऱ्याने दार ठोठावलं तेव्हा पंधरा मिनिटं गेली होती. मला किडनी हवी होती हो. फक्त उठून दार उघडायचं कसं, ते कळत नव्हतं. या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली आणि तीच किडनी अजून माझ्या पोटात उजव्या बाजूला आहे. पण ती पंधरा मिनिटं मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नव्हती, तुमच्यासारखीच.

आता कोचकडे वळू. तुम्ही म्हणता, मी खचलेलो नाही, मग कोच कशाला. तुमची समजूत अशी दिसते की हा माणूस येऊन धीर देणार, सकारात्मक राहा म्हणणार. तसं करणारे खूप आहेत, आणि तुमचा नवा कोच त्यातला निघाला तर पहिल्याच बैठकीत नमस्कार करून मोकळे व्हा. धीर द्यायला घरचे आहेत, मित्र आहेत, डायलिसिसच्या शेजारच्या खुर्चीवरचा माणूसही देतो. घरात नसतो तो रंगीत तालीम घेणारा माणूस. नाटकवाले पहिल्या प्रयोगाच्या आधी कपडे चढवून, दिवे लावून सगळं नाटक एकदा रिकाम्या खुर्च्यांसमोर करतात. कुठे बटण तुटतं, कुठली एंट्री चुकते, ते तेव्हाच कळतं. कामाचा कोच तुमच्याकडून हे करून घेतो. तुमची पहिली तालीम दीड महिन्यापूर्वी होऊन गेली, फक्त ती तालीम होती हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही.

डॉक्टरांना तुमचे रिपोर्ट दिसतात, कोऑर्डिनेटरला तुमची फाइल. डायलिसिसवरून दमून आल्यावर संध्याकाळी सात ते नऊ तुम्ही नेमकं काय करता, हे दोघांनाही दिसत नाही. आणि ट्रान्सप्लांट टिकतं की जातं ते बरंचसं अशा संध्याकाळींवर ठरतं. बसवलेली किडनी हातची जाण्याच्या मोठ्या कारणांमध्ये गोळ्या चुकणं हे एक कारण आहे. चुकवणारी माणसं बेफिकीर नसतात. त्यांना बरं वाटायला लागलेलं असतं, एवढंच.

तालीम कशाकशाची करायची? फोनच्या रात्रीची तर हवीच. फोन घेतल्यावर ते विचारणार की ताप-खोकला आहे का, अंगावर कुठे पिकलंय का, शेवटचं डायलिसिस कधी झालं, शेवटचं कधी खाल्लं, मधे कधी रक्त चढवलं होतं का. ही उत्तरं तुम्ही झोपेतून उठून देणार आहात. गाडी कोण चालवणार? तो गावाला गेला असेल तर दुसरा कोण? घरच्यांपैकी कुणाला लगेच कळवायचं आणि कुणाला सगळं पार पडल्यावर? (हे शेवटचं फार महत्त्वाचं. माझ्या वेळी एका नातेवाइकाने हॉस्पिटलच्या लिफ्टमधून सगळ्या गोतावळ्याला बातमी दिली, आणि परत पाठवल्यावर मला दोन दिवस सांत्वनाचे फोन घ्यावे लागले.) कोच तुम्हाला हे लिहून काढायला लावेल. मग एका रात्री, आधी ठरवून, खरंच फोन करेल, आणि तुम्ही चपला घालून दारापर्यंत जायचं. हास्यास्पद वाटेल. वाटू दे. फोन वाजला की छातीत जे धस्स होतं, ते अशा दोन-तीन लुटुपुटुच्या फोनांनी बरंच खाली येतं, कारण मग त्या आवाजामागे अंधार नसतो, पाठ झालेली कामं असतात.

या तालमीतच आणखी एक गोष्ट बसवा, परत पाठवलं तर काय. ते पुन्हा होऊ शकतं. एका किडनीसाठी अनेकदा एकाहून जास्त लोकांना बोलावून ठेवतात. शेवटचा क्रॉसमॅच, म्हणजे तुमचं रक्त आणि दात्याच्या पेशी एकत्र करून बघणं, त्यालाच काही तास जातात. कधी किडनी प्रत्यक्ष हातात आल्यावर ती बसवण्यासारखी नाही असं सर्जनच्या लक्षात येतं. तुम्हाला नेमकं कशामुळे परत पाठवलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मला दाट शंका आहे की तुम्ही विचारलंच नाही. विचारा. कोऑर्डिनेटरला फोन करा आणि कारण विचारा. तुमच्या रक्तातल्या अँटिबॉडीजमुळे, म्हणजे परक्या पेशींवर धावून जाणाऱ्या प्रथिनांमुळे, जुळलं नाही, की किडनीच खराब निघाली, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कारण माहीत नसलं की माणूस ते स्वतःच्या नावावर मांडतो.

ऑपरेशननंतरची तालीम मात्र जवळजवळ कुणीच घेत नाही. सगळ्यांचं लक्ष ऑपरेशनवर असतं, जसं काही पुढे पडदाच पडणार आहे. मी तुम्हाला पाण्याचं सांगते.

आज तुम्ही पाणी मोजून पिता. दोन डायलिसिसच्या मधे वजन किती वाढलं यावरून तुमची झडती होते. मी बर्फाचे खडे मोजायचे, दिवसाला बारा. एक खडा जिभेखाली ठेवून तो पूर्ण विरघळेपर्यंत बोलायचं नाही, असा माझा नियम होता. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी नर्सने भरलेला जग आणून ठेवला आणि म्हणाली, संध्याकाळपर्यंत संपवायचा, मग दुसरा भरते. मी पेला ओठाला लावला आणि घोट जाईना. तीन वर्षं ज्याला शत्रू मानलं ते एकदम औषध झालं होतं. नर्सला वाटलं मला मळमळतंय. शेजारच्या खाटेवर माझ्याआधी पंधरा दिवस ऑपरेशन झालेल्या बाई होत्या, त्या म्हणाल्या, ‘अहो, माझंही असंच झालं होतं. मी कॅथेटरच्या, लघवीच्या नळीच्या, पिशवीकडे बघत प्यायले. एक पेला आत, एक पेला पिशवीत.’ मग मीही पिशवीकडे बघत प्यायले. त्या बाई माझ्या पहिल्या कोच. कुठलंही सर्टिफिकेट नव्हतं त्यांच्याकडे, आणि त्यांनी एकदाही मला खंबीर राहा म्हटलं नाही.

पिशवीवरून आठवलं. ती रिकामी राहिली तर? मृत दात्याकडून आलेली किडनी कधीकधी लगेच काम सुरू करत नाही. डॉक्टर म्हणतात किडनी झोपली आहे. काही दिवस, कधी काही आठवडे डायलिसिस चालूच ठेवावं लागतं आणि मग ती जागी होते. हे ज्याला आधी कुणी बसून सांगितलेलं नसतं त्याला ऑपरेशननंतरचं पहिलं डायलिसिस म्हणजे सगळं संपल्यासारखं वाटतं. तेव्हा हे आत्ताच एकदा स्वतःच्या शब्दांत कोचला सांगून बघायचं, आणि बायकोलाही. ऐकलेलं आणि कळलेलं यातला फरक उलट सांगायला लावलं की लगेच दिसतो.

गोळ्यांची तालीमही आजपासून करता येते, आणि हे मी अगदी आग्रहाने सांगते. टॅक्रोलिमस, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणूनची गोळी, बहुतेकांना दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने घ्यावी लागते. (जपानमधल्या त्सुकुबा भागातल्या मातीत १९८४ साली सापडलेल्या एका जीवाणूने दिलेलं हे औषध. ‘त्सुकुबा’तला पहिला आवाज त्याच्या नावात आहे. आपण चिखलाचे किती देणेकरी आहोत ते अशा वेळी कळतं.) कुठल्या दोन वेळा? लोक उत्साहात सकाळी सहा-संध्याकाळी सहा सांगतात आणि सुट्टीच्या पहिल्याच दिवशी झोपून राहतात. तुम्ही एरवी कधी उठता, संध्याकाळी कुठे असता, त्यावरून वेळ ठरवा, आणि आत्ता चालू असलेल्या औषधांपैकी डॉक्टर सांगतील ती त्याच वेळांना घ्यायला लागा. गोळी तीच नसेना का, हात तर तोच आहे. रक्त तपासणीच्या सकाळची गंमत वेगळीच. औषधाची लेव्हल बघायची असते ती पुढच्या डोसच्या ठीक आधी, म्हणून त्या दिवशी सकाळची गोळी घरी घ्यायची नाही, बरोबर न्यायची आणि रक्त दिल्यावर घ्यायची. मी दोनदा सवयीने घरीच घेतली. एकदा घरीच विसरले. नवा माणूस याच दिवशी चुकतो. घरी घेतली तर आकडा फुगलेला येतो आणि डोसचा सगळा हिशोब बिघडतो.

या गोळीबरोबर बहुधा स्टिरॉइडही असतं, त्याबद्दल थोडक्यात. झोप उडते, भूक खवळते, चेहरा गोल होतो, मिजाज बिघडतो. तिसऱ्या आठवड्यात मी पहाटे तीन वाजता कपाट आवरत होते आणि नवऱ्याने दिवा बंद केला म्हणून त्याच्यावर ओरडले. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्यांना वाटतं किडनीबरोबर स्वभावही दुसऱ्याचा आला. हात थरथरणं टॅक्रोलिमसचं. माझी सही जुळेना म्हणून बँकेने एक चेक परत केला होता, पुढे डोस कमी झाला तशी सही परत आली. आणि रिपोर्ट फोनवर कधीही येतो, रात्री साडेदहालासुद्धा. तेव्हा क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी किती काम करतेय ते सांगणारा, आकडा किती वाजेपर्यंत बघायचा, थोडा वाढलेला दिसला तर कुणाला विचारायचं, हे आधी ठरवा. पहिल्या वर्षी त्या आकड्याचं व्यसन लागतं. ०.१ ने वर गेला की जेवण जात नाही. तो इकडेतिकडे हलतो, वाळलेल्या तोंडाने रक्त दिलं तरी हलतो. मात्र किडनी नाकारली जात असताना पुष्कळदा काहीच दुखत नाही, म्हणून ठरलेली तपासणी बरं वाटतंय या कारणासाठी कधीही टाळायची नसते.

कोच बोलतो कसा, त्यावरून तो ओळखता येतो. विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९८३ साली दारू सोडू पाहणाऱ्यांशी बोलण्याची एक पद्धत मांडली, पुढे स्टीफन रोलनिकबरोबर ती वाढवली. तिचं सूत्र असं की समोरच्याला पटवायला जायचं नाही, त्याच्याच तोंडून त्याची कारणं बाहेर येऊ द्यायची. आज अनेक कोच तिचा वापर करतात. तुम्हाला विचारतील, ट्रान्सप्लांटसाठी तुम्ही शून्य ते दहात कुठे आहात? समजा तुम्ही म्हणालात, पाच. कच्चा कोच विचारतो, दहा का नाही? मग तुम्ही तुमच्या भीतीचा पाढा वाचता आणि बैठक संपेपर्यंत चारवर येता. पक्का कोच विचारतो, पाच म्हणालात, दोन का नाही म्हणालात? आता तुम्हाला पाचातले तीन शोधावे लागतात. मुलाबरोबर कुठेतरी लांब जायचंय, खुर्चीचा दिवस न मोजता. पोटभर पाणी प्यायचंय. काय असेल ते, तुमचं. हा प्रश्न आज रात्री स्वतःला विचारून बघा, त्याला कोच लागत नाही.

निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा, कारण बहुतेक ठिकाणी कोच म्हणवून घ्यायला कुठलाही परवाना लागत नाही. पाटी लावली की झालं. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन म्हणून १९९५ पासूनची एक संस्था आहे, तिचं प्रमाणपत्र असलं तर माणूस ऐकायला शिकलाय एवढं कळतं. त्याला टॅक्रोलिमसचं स्पेलिंग येतं का, हे त्यावरून कळत नाही. म्हणून पहिल्या भेटीत सरळ विचारा की ट्रान्सप्लांटवाल्या किती लोकांबरोबर काम केलंत, ऑपरेशनच्या आधी की नंतरही, आणि एखाद्याला तुमचा उपयोग झाला नाही तेव्हा काय घडलं? शेवटच्या प्रश्नावर जो अडखळतो पण उत्तर देतो, तो बरा. ज्याचं सगळंच यशस्वी झालंय त्याच्यापासून दूर राहा. माझ्या टीमशी, माझी परवानगी घेऊन, बोलाल का, हेही विचारा. आणि मी इथे सांगितलेलं माझ्या बायकोपर्यंत जाणार का? बोलावलंय तिने, कदाचित पैसेही तीच देणार, म्हणून हे आधीच स्पष्ट झालेलं बरं. तुमच्या ‘हायसं वाटलं’ची वाच्यता तुमच्या मर्जीशिवाय होता कामा नये.

एका गोष्टीवर मात्र तिथल्या तिथे उठून यायचं. कोचने कुठलीही गोळी कमी-जास्त करायला सांगितली, किंवा प्रतिकारशक्ती वाढवणारं काही चूर्ण, काढा, कॅप्सूल पुढे केली तर. प्रत्यारोपणानंतरची मुख्य औषधं प्रतिकारशक्ती दाबून ठेवायला असतात, कारण तीच त्या पाहुण्या किडनीवर धावून जाते. ती वाढवणं म्हणजे स्वतःच्या घरावर स्वतःच दगड मारणं. सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती उदासीवर म्हणून विकली जाते, तिने टॅक्रोलिमसची लेव्हल खाली घसरते. ग्रेपफ्रूटने ती वर जाते. दोन्ही धोक्याचं. ज्याला हे माहीत नाही त्याने या क्षेत्रात कोच म्हणून बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पैसे भरण्याआधी तुमच्या हॉस्पिटलात विचारून या. बऱ्याच केंद्रांत मेडिकल सोशल वर्कर असतात, आणि ट्रान्सप्लांट झालेले लोक यादीतल्या लोकांशी बोलायला तयार असतात, विनामूल्य. त्यातला एक भेटला तर निम्मी तालीम तिथेच होते. उरलेल्या निम्म्यासाठी, म्हणजे वेळापत्रक, सवयी, लिहून काढणं, दर आठवड्याला कुणीतरी विचारणारं असणं, याला कोच उपयोगी. तुम्ही इंजिनीअर वगैरे आहात की काय कोण जाणे, पण पत्रावरून तुम्ही नीटनेटके दिसता, वेळा नेमक्या लिहिता. अशा माणसांना हे काम आवडतं. तीन महिन्यांचे पैसे एकदम भरू नका, तीन बैठका घ्या. तीन बैठकांनी तुमच्या हातात एक लिहिलेला कागद आणि एक बदललेली सवय आली नसेल तर चौथीने येणार नाही.

आणि कोचचं काम नाही असंही काही आहे. दीड महिना झाला, फोन वाजला की अजून धस्स होतंय. झोप जात असेल, कशातच मन लागत नसेल, आज डायलिसिसला नाहीच गेलो तर काय, असा विचार एकदा जरी येऊन गेला असेल, तर ते डॉक्टरांना सांगा, कोचला नंतर. डायलिसिसवरच्या माणसाला नैराश्य येणं फार कॉमन आहे, त्यावर उपचार आहेत, आणि ते मानसशास्त्रज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ करतात. सांगितलं तर यादीतून नाव काढतील ही भीती मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. केंद्राला धास्ती असते ती लपवणाऱ्याची, कारण लपवणारा उद्या चुकलेल्या गोळ्याही लपवतो. जो येऊन सांगतो त्याला ते मदत देतात.

राहता राहिल्या तुमच्या पत्नी. त्या कोच शोधतायत याचा अर्थ तुम्ही त्यांना खचलेले वाटता असा तुम्ही लावलाय. मला वाटतं, दोन वर्षं ‘पाणी किती झालं?’ हे विचारण्याची नोकरी त्यांना सोडायची आहे. ते काम दुसऱ्या कुणी घेतलं तर त्यांना परत नुसती बायको होता येईल. एखादी बैठक दोघांनी मिळून घ्या आणि त्यात ठरवा, कुठलं त्यांनी विचारायचं आणि कुठलं अजिबात नाही. आमच्या घरी असं ठरलं होतं की नवऱ्याने गोळ्यांबद्दल रात्री नऊनंतर एकदाच विचारायचं, तेही शब्दात नाही, डबीकडे बघून.

त्या गाडीत रडल्या आणि तुम्ही गप्प बसलात. त्यांना वाटलं असेल, हे कोसळलेत म्हणून बोलत नाहीत. म्हणजे दीड महिना त्या तुमच्या ज्या दुःखाची काळजी करतायत ते तुम्हाला झालेलंच नाही. हे तुम्ही मला सांगितलंत, ठीक, पण माणूस चुकलात. कोचला सांगायच्याही आधी त्यांना सांगा. कदाचित त्या चिडतील. माझा नवरा न्हाणीघराची गोष्ट कळल्यावर आठवडाभर धुसफुसत होता, आणि मग एक दिवस म्हणाला, त्या पंधरा मिनिटांत मीही बाहेर उभा राहून देवाला म्हणत होतो, आज नको.

या आठवड्यात तेवढा कोऑर्डिनेटरला फोन करा, कारण विचारायला. आणि पहाटे परत आल्यावर ती बॅग रिकामी केली असणार, मीही केली होती. ती पुन्हा भरून ठेवा. औषधांची यादी, चष्मा, चप्पल, आणि चार्जर लांब वायरचा. हॉस्पिटलात प्लग नेहमी खाटेच्या मागे, हात पोचणार नाही अशा जागी असतो.